एका वेळी एकच तान्ही भाषा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरे प्रश्न दोन आहेत. तुम्ही लिहिता की वय २६, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, कॉलेजात असताना जर्मन ए-२ पर्यंत (युरोपीय मोजपट्टीची खालून दुसरी पातळी) झालेली, पण गेली दोन वर्षं तिला हात लावलेला नाही. पुढेमागे जर्मनीत मास्टर्सला जायचा विचार आहे, आणि जपानीवर मनापासून प्रेम आहे. येत्या १ जानेवारीपासून जर्मन, जपानी, स्पॅनिश आणि फ्रेंच रोज प्रत्येकी पाऊण तास करायच्या आणि ३१ डिसेंबरपर्यंत जर्मन बी-१ (ए-२ च्या वरची पातळी), जपानी एन-४ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी, सगळ्यात सोपी एन-५), स्पॅनिश आणि फ्रेंच ए-२ गाठायच्या असं ठरवलंय. विचारलंय एवढंच, की दिवसात क्रम कसा लावू, सकाळी कोणती घेऊ आणि रात्री कोणती.

मी पुण्यात गेली वीसहून जास्त वर्षं जर्मन शिकवते. जपानी आणि फ्रेंच मोठेपणी, नोकरी करता करता शिकले. त्या अनुभवावरून सांगते, सकाळी कोणती आणि रात्री कोणती हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. तुमच्याकडे खरे तास किती आहेत, आणि या चारपैकी कोणती भाषा आज कोणत्या वयाची आहे.

भाषेचं वय हा माझा वर्गातला शब्द आहे. नवी भाषा पहिले शंभर-सव्वाशे तास तान्ही असते. चार दिवस तिच्याकडे पाहिलं नाही तर पाचव्या दिवशी ती तुम्हाला ओळखत नाही. पुढे ती रांगायला लागते. आठवडाभर दुर्लक्ष झालं तरी तग धरते, पण पुढे जायला हात द्यावा लागतो. साधारण बी-१ च्या पुढे ती चालायला लागते. मग आठवड्याला दोन तास दिले तरी ती जागेवर राहते, आणि सहा महिने सुटली तरी पंधरा दिवसांत परत येते. मी विद्यार्थ्यांना एकच नियम सांगते: घरात एका वेळी एकच तान्हं. रांगतं एखादं सोबत चालेल, चालती कितीही असू देत. तुमच्या तक्त्यात एक रांगतं आहे, तेही दोन वर्षं उपाशी, आणि जोडीला तीन तान्ही आहेत.

आता तास मोजू. चार भाषा, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे रोज तीन तास. वर्षाचे झाले १,०९५ तास. कागदावर हा आकडा भारी दिसतो. पण तुमच्याच प्रश्नात आलंय की कंपनीची बस सकाळी आठला असते, परत यायला सात-साडेसात होतात आणि रिलीजच्या आठवड्यात रात्रीही बसावं लागतं. त्यात गणपती आहेत, दिवाळी आहे, गावाकडची दोन लग्नं आहेत, एखादा ताप आहे. नोकरी करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांमध्ये आठवड्याला दहा तास सातत्याने देणारे फार थोडे असतात, आणि ते खरोखर चिकाटीचे असतात. ५२ पैकी ४१ आठवडे असे दहा तासांचे मिळाले तर वर्षाचे ४१० तास होतात. हेच तुमचं भांडवल धरा.

४१० चे चार भाग केले की प्रत्येक भाषेला शंभरच्या आसपास तास येतात. शंभर तासांत काय होतं हे मी दरवर्षी पाहते. स्वतःची ओळख करून देता येते, वेळ सांगता येते, दुकानात पाव मागता येतो, घरातली माणसं मोजून दाखवता येतात. डिसेंबरात हे सगळं तुम्हाला चार भाषांत करता येईल, आणि समोरचा माणूस पाचवं वाक्य बोलला की चारही भाषांत थांबावं लागेल. शिवाय ही शंभर तासांची भाषा सगळ्यात लवकर पुसली जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. उजळणी होत राहिली तर उतार कमी होतो. चार तान्ह्या भाषा म्हणजे चारही उतारांवर एकाच वेळी उभं राहणं. प्रत्येकीला उजळणी हवी असते आणि उजळणीतच ते शंभर तास निघून जातात.

हे मी स्वतः करून पाहिलंय. २००३ मध्ये दिवसा जर्मन शिकवत असताना मी एकाच महिन्यात जपानी आणि फ्रेंच सुरू केल्या. दोन्ही संध्याकाळचे वर्ग होते, एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात जपानीच्या बाईंनी वही वर धरली आणि विचारलं, 'कोरे वा नान देसु का?', म्हणजे 'हे काय आहे?' मी तत्परतेने उत्तर दिलं, 'दास इस्ट...', म्हणजे जर्मनमधलं 'हे आहे', आणि थांबले. पुढचं 'होन' (पुस्तक) की 'नोटो' (वही), काहीच सुचेना. त्या आठवड्यात फ्रेंचच्या वर्गात मी 'आणि' साठी जपानी 'तो' वापरला. गंमत म्हणजे मराठी शब्द एकदाही मध्ये आला नाही. हे नंतर मी शेकडो विद्यार्थ्यांत पाहिलं. कच्च्या परक्या भाषेत शब्द सापडला नाही की मन मातृभाषेकडे जात नाही, दुसऱ्या परक्या भाषेकडे जातं. जणू सगळ्या परक्या भाषा एकाच खणात ठेवल्यात आणि हात घातला की जे वर आहे ते निघतं. त्यातली एखादी चालायला लागली की तिला स्वतःचा खण मिळतो आणि ही घुसखोरी आपोआप कमी होते. त्या वर्षी डिसेंबरात मी जपानीची सगळ्यात खालची परीक्षा दिली. तेव्हा जेएलपीटीला चारच पातळ्या होत्या आणि ती वर्षातून एकदाच व्हायची. पास झाले. फ्रेंच मात्र नवव्या धड्यावर थांबली ती थांबलीच. पुढची सहा वर्षं मी ते पुस्तक उघडलं नाही. २००९ मध्ये जपानी चालती झाल्यावर फ्रेंच एकटीच घेतली आणि दीड वर्षात बी-१ ला पोचले. भाषा तीच, डोकंही तेच. वेळ फक्त योग्य होती.

एकाच वेळी चार भाषा शिकलेल्या विनोबांचं उदाहरण तुम्ही दिलंय, त्याकडे जरा थांबून पाहू, कारण ते खरं आहे आणि मोलाचंही आहे. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात, वेल्लोरला असताना विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास केला. पण त्यांची परिस्थिती पाहा. दिवसभर वेळ होता, नोकरी-प्रवास नव्हता, त्या भाषा बोलणारे सोबती त्याच आवारात होते. चारही भाषा एकाच कुळातल्या, चौघींमध्ये संस्कृत शब्दांचा मोठा साठा, आणि विनोबांचं संस्कृत तर पक्कं होतं. मुख्य ओढ वाचनाची होती. वाचायला शिकणं आणि बोलायला शिकणं यांत फार अंतर आहे. वाचताना शब्द समोर असतो, तो फक्त ओळखायचा असतो. बोलताना तो रिकाम्या हाताने आतून काढायचा असतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच. म्हणून उद्या तुम्ही म्हणालात की मला फक्त स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन वाचायच्या आहेत, बोलायचं नाही, तर मी वेगळा सल्ला देईन. त्या बहिणी एकत्र वाचायला घेतल्या तर एकमेकींना मदत करतात.

तसंच आणखी काही गोष्टींवर अवलंबून आहे, तेही सांगून टाकते. तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असता, समजा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सकाळचा वर्ग आणि दिवस मोकळा, तर ४१० च्या जागी ८०० तास धरता आले असते. तुमच्या घरात कोणी फ्रेंच बोलत असतं तर फ्रेंच तान्ही राहिली नसती. शिक्षक आहे की एकट्याने पुस्तक आणि मोबाइलवर शिकणार, यानेही खूप फरक पडतो. तान्ह्या भाषेला शिक्षक हवाच असं माझं मत आहे. चुकीचा उच्चार पहिल्या दोन महिन्यांत बसला की पुढे दोन वर्षं निघत नाही. चालत्या भाषेला शिक्षक नसला तरी चालतो, तिला बोलायला माणूस हवा. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी नोकरी, एकटं राहणं आणि आठवड्याचे दहा तास एवढंच धरून पुढे बोलते.

पहिला निर्णय: फ्रेंच या वर्षी काढून टाका. तुम्ही कारण लिहिलंय, 'कंपनीचे काही क्लायंट फ्रान्सचे आहेत, कधी उपयोग होईल.' एवढ्या कारणावर वर्षभर पहाटे उठवत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे फ्रेंच आणि स्पॅनिश एकाच वेळी तान्ह्या असणं. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे शब्द त्यांच्यात पुष्कळ आहेत. स्पॅनिशमध्ये 'एन्तेन्देर' म्हणजे समजणं, फ्रेंचमध्ये 'आँताँद्र' म्हणजे ऐकू येणं. स्पॅनिशमध्ये 'लार्गो' म्हणजे लांब, फ्रेंचमध्ये 'लार्ज' म्हणजे रुंद. स्पॅनिश 'सालिर' म्हणजे बाहेर पडणं आणि फ्रेंच 'सालिर' म्हणजे मळवणं. एक भाषा पक्की असेल तर हे फरक मजेचे वाटतात आणि लक्षातही राहतात. दोन्ही कच्च्या असतील तर कोणता कोणाचा, हेच कळत नाही. या दोघींमध्ये किमान वर्ष-दीड वर्षाचं अंतर ठेवा.

जर्मन आणि जपानी ही जोडी मात्र मला मनापासून आवडली. त्या एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की घोटाळा कमी होतो, आणि दोन्ही मराठी माणसाला आपल्या वाटाव्यात अशा आहेत. इथे मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं या भाषा इंग्रजीतून शिकतात आणि स्वतःच्या हातातली किल्ली खिशातच ठेवतात.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा एक अंदाज तुम्ही प्रश्नात दिलाय, की जर्मनला पूर्णवेळ अभ्यासाचे साधारण ३६ आठवडे आणि जपानीला ८८ आठवडे लागतात. तो अंदाज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. कांजीचं, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांचं, ओझं आपल्यालाही तेवढंच आहे, ते कोणालाच चुकलं नाही. पण वाक्याच्या रचनेत आपण त्यांच्या कितीतरी पुढून सुरुवात करतो. 'पाऊस पडला म्हणून उशीर झाला' हे वाक्य घ्या. जपानीत 'आमे गा फुत्ता कारा ओकुरेमाशिता.' आमे म्हणजे पाऊस, फुत्ता म्हणजे पडला, कारा म्हणजे म्हणून, ओकुरेमाशिता म्हणजे उशीर झाला. एकही शब्द जागेवरून हलवावा लागला नाही. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी हेच वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं रचत बसतो.

याहून सुंदर गोष्ट जपानीच्या जोडक्रियापदांत आहे. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणं. 'ताबेते मिरु' म्हणजे काय? खाऊन बघणं, अगदी आपल्या अर्थाने, चव घेऊन बघणं. 'ओकु' म्हणजे ठेवणं, आणि 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं. पाठ्यपुस्तकात या प्रत्येकाला अर्धं पान इंग्रजी स्पष्टीकरण असतं. मी वर्गमैत्रिणींना 'करून बघ, करून ठेव, करून टाक' एवढंच म्हणून दाखवलं होतं आणि तो धडा दहा मिनिटांत संपला. अक्षरमालेचंही तसंच. जपानी तक्त्यात स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि ओळींचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. आपल्या क-च-त-न-प-म-य-र-व शी ताडून पाहा. संस्कृत वर्णमालेचा अभ्यास बौद्ध भिक्षूंमार्फत तिकडे पोचला, त्याची ही खूण आहे. 'त्सुनामी' मधला पहिला आवाज इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातो. आपण तो 'चूक' म्हणताना रोज काढतो.

जर्मनमध्ये किल्ली दुसरीकडे आहे. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. 'डेअर, डी, दास' म्हणजे तो, ती, ते. नामांची लिंगं जुळतीलच असं मात्र नाही. 'डेअर ल्योफेल' म्हणजे तो चमचा, इथे जुळलं. 'दास मेसर' म्हणजे सुरी, आपली ती आणि त्यांची ते. म्हणून लिंग पाठच करावं लागतं, पण लिंग असतं म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. 'मला' चा उपयोग तर थेट कामी येतो. 'मीर इस्ट काल्ट' म्हणजे शब्दशः 'मला थंड आहे'. 'मीर गेफेल्ट दास हाउस' म्हणजे 'मला घर आवडतं'. घरं अनेक झाली की आपलं 'आवडतात' होतं, त्यांचं 'गेफालन' होतं. क्रियापद आवडणाऱ्या माणसाला धरून चालत नाही, आवडलेल्या गोष्टीला धरून चालतं. स्पॅनिशमध्येही हेच आहे: 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे महिनाभर अडखळतो. तुम्ही वहीत डाव्या पानावर मराठी वाक्य लिहा आणि उजव्या पानावर जर्मन किंवा जपानी. दोघांच्या मध्ये इंग्रजी आणू नका. वर्षभराच्या नियोजनात वेळ वाचवणारी याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

आता वर्ष मांडू. इतका वेळ जे बोलले त्याचा अर्थ असा होतो: जर्मन मास्टर्ससाठी हवी म्हणून ती मुख्य, जपानीवर तुमचं प्रेम आहे म्हणून ती दुसरी, स्पॅनिश डिसेंबरात, फ्रेंच पुढच्या कधीतरी.

जानेवारी आणि फेब्रुवारी हे आठ आठवडे पूर्ण जर्मनला द्या. नवीन काही शिकायचं नाही, ए-२ परत उभं करायचं. दोन वर्षं पडून राहिलेल्या भाषेवर थेट बी-१ चं पुस्तक चढवलं की तिसऱ्या धड्यात निराशा येते. माझ्याकडे दर वर्षी अशी मुलं येतात. त्यांना वाटतं आपल्याला जर्मन जमत नाही, आणि खरं तर खालचा पाया मधूनमधून ढासळलेला असतो. या दोन महिन्यांत जपानीचं एकच काम करा, हिरागाना आणि काताकाना या तिच्या दोन लिप्या. मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. कार्डं करून कंपनीच्या बसमध्ये रोज पंधरा-वीस मिनिटं. लिपी म्हणजे अजून भाषा नव्हे, म्हणून एका तान्ह्याचा नियम इथे मोडत नाही. हा वेळ मी दहा तासांत धरलेलाही नाही.

मार्च ते जुलै हा सगळ्यात सलग काळ आहे. सुट्या वगळून वीस आठवडे मिळतील. आठवड्याचे सहा तास जर्मन, चार तास जपानी. जर्मन बी-१ ची परीक्षा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला धरा, आणि तारीख एप्रिलमध्येच पाहून ठेवा. पुण्या-मुंबईत जागा भराभर भरतात. ग्योटे-त्सेर्टिफिकाट बी-१ या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात आणि ते वेगवेगळेही देता येतात. तरीही चारही एकदम द्यायचे असं धरूनच अभ्यास करा. सुटे देता येतात हे कळल्यावर बोलण्याचा भाग पुढे ढकलला जातो आणि मग तो वर्षभर राहतो.

ऑगस्टपासून पारडं फिरवा. जर्मन आता चालायला लागलेली असेल, तिला तीन तास आणि जपानीला सात. गणपती आणि दिवाळीचे मिळून चार आठवडे सरळ वजा करा, त्या दिवसांत फक्त कार्डं. नोव्हेंबरअखेरपर्यंत तेरा आठवडे उरतात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी असते, नोंदणी काही महिने आधी बंद होते, तेव्हा ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. आणि परीक्षा एन-५ ची द्या. तुमचं लक्ष्य एन-४ आहे, हे मी विसरलेले नाही. हिशेब करून पाहा. मार्च ते जुलै ८० तास, पुढे ९१, एकूण १७१. एवढ्यात एन-५ नीट, आत्मविश्वासाने होईल. एन-५ ला सुमारे १०० कांजी लागतात, एन-४ ला साधारण ३००. शिवाय या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासलंच जात नाही. घाईने एन-४ च्या मागे लागलात तर प्रमाणपत्र कदाचित येईल आणि तोंडातून वाक्य निघणार नाही. ते मी नको म्हणेन.

परीक्षा झाली की डिसेंबरचे उरलेले तीन आठवडे स्पॅनिश उघडा. परीक्षा नाही, लक्ष्य नाही, आवाज कानावर पडू द्या. आपल्या मेजासारखाच त्यांचा 'मेसा' हा शब्द भेटला की बरं वाटेल. पोर्तुगीजांनी दिलेले आपले चावी, बादली हे शब्द स्पॅनिशच्या बहिणीकडूनच आलेत. तीन आठवड्यांनी ओढ तशीच असेल तर पुढच्या वर्षीचं तान्हं तीच.

दिवसाच्या क्रमाचा तुमचा मूळ प्रश्न आता घेते. मुख्य भाषा सकाळी, बसच्या आधी पाऊण तास, टेबलावर, वही-पेनासह. दुसरी भाषा संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी. दोघी एकापाठोपाठ घेऊ नका, मध्ये काहीतरी वेगळं काम किंवा झोप येऊ द्या. जागा वेगळी, वहीचा रंग वेगळा, शक्य असेल तर शाईसुद्धा वेगळी. हे बाहेरून पोरकट दिसेल. माझ्या एका विद्यार्थिनीने जर्मन खिडकीजवळच्या खुर्चीत आणि जपानी जमिनीवर चटई टाकून केली. ती सांगायची की चटईवर बसलं की आपोआप 'हाय', म्हणजे जपानीतलं 'हो', तोंडात येतं. खण वेगळा करायला शरीरही मदत करतं.

शब्दांसाठी मी अजून चपलांच्या खोक्यातले पाच कप्पे वापरते. पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांची ही रीत. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, रोज पाहायचं. आलं तर दुसऱ्यात, तो दोन दिवसांनी. पुन्हा आलं तर तिसऱ्यात, तो आठवड्याने. कुठेही चुकलं की कार्ड परत पहिल्यात. माझ्या खोक्यात एक 'एर्फारुंग' नावाचं कार्ड होतं, अर्थ 'अनुभव'. ते चौथ्या कप्प्यातून पाच वेळा पहिल्यात आलं, कडा झिजून मऊ झाल्या. मग त्याच्या मागे मी शब्दाऐवजी 'मला शिकवण्याचा अनुभव आहे' असं अख्खं वाक्य लिहिलं. पुन्हा चुकलं नाही. मोबाइलवर हेच काम 'अंकी' करतं. 'अंकी' या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. काहीही वापरा, पण एका खोक्यात दोन भाषा मिसळू नका आणि दिवसाला दहापेक्षा जास्त नवी कार्डं घालू नका. पंचवीस घातली की तिसऱ्या आठवड्यात उजळणीला तास लागतो, आणि मग माणूस खोकंच बंद करतो.

एक गोष्ट तुमच्या तक्त्यात नाहीच, ती घाला. वाईट दिवसाचा अभ्यास. रात्री अकराला घरी आलात, डोकं दुखतंय, त्या दिवशी काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. माझं ठरलेलं आहे: दहा कार्डं आणि एक वाक्य मोठ्याने. सात मिनिटं लागतात. जर्मनसाठी डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या किंवा जपानीसाठी एनएचकेच्या सोप्या बातम्या जेवताना लावल्या तरी चालतं. रांगत्या आणि चालत्या भाषेला एवढं पुरतं. तान्हीला मात्र सलग तीनपेक्षा जास्त वाईट दिवस देऊ नका. चौथ्या दिवशी मुख्य भाषेचा वेळ कापून तिला द्या.

आणि रिलीजचा महिना फारच आडवा आला, दहाऐवजी पाचच तास उरले, तर काय सोडायचं हेही आज ठरवा. माझं उत्तर: जुलैपर्यंत जपानी सोडा, जर्मन धरा. ऑगस्टनंतर उलट. दोन्हींना अडीच-अडीच तास वाटून देऊ नका. तो न्याय वाटतो, पण दोघीही उपाशी राहतात.

आता १ जानेवारीच्या आधी दोन कामं. पुढचे चौदा दिवस रोज झोपताना लिहा की आज खरोखर मोकळी मिनिटं किती मिळाली. अभ्यास करू नका, फक्त मोजा. दुसरं, या रविवारी तुमच्या जुन्या ए-२ च्या पुस्तकाचे शेवटचे तीन धडे उघडा, उत्तरं झाकून स्वाध्याय सोडवा आणि गेल्या आठवड्यात काय काय केलं हे दहा वाक्यांत शब्दकोश न बघता जर्मनमध्ये लिहा. निम्म्याहून जास्त स्वाध्याय बरोबर आले आणि दहापैकी सहा-सात वाक्यं पूर्ण झाली, तर जपानी मार्चऐवजी फेब्रुवारीच्या मध्यापासून घेता येईल. नाही आली तर जानेवारी-फेब्रुवारी वर सांगितल्याप्रमाणेच ठेवा. ती दहा वाक्यं आणि चौदा दिवसांची मिनिटं, दोन्ही मला कळवा, चुका न सुधारता, जशी आहेत तशी. त्यावरून पहिल्या आठ आठवड्यांचं जर्मन आठवड्यानुसार मांडून देते.